सगळ्या खात्याचा दाजी

कुलथ्यांनी यादी माझ्या हातात दिली तेव्हा माझी दाढी अर्धीच झाली होती.

कुलथे म्हणजे शालनचे खासगी सचिव. आणि शालन म्हणजे माझी बायको, त्या वेळची क्रीडा राज्यमंत्री. नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि आम्ही सिव्हिल लाइन्सला मंत्र्यांच्या कॉटेजमध्ये उतरलो होतो.

"दाजी, मार्गदर्शक पुरस्कारांची यादी," कुलथे म्हणाले. "पुढच्या आठवड्यात जाहीर होईल. ताई म्हणाल्या, आधी तुम्हाला दाखवा."

शालनला अख्खं राज्य ताई म्हणायचं. त्यामुळं शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्या खात्याचा मी दाजी झालो होतो. माझं नाव आप्पासो नेजे आहे, मी दहा हजार मीटर पळायचो, इचलकरंजीच्या मैदानावर सव्वीस वर्षं मी पोरंपोरी तयार केली, हे त्या खात्यात फार तर पाच जणांना ठाऊक असेल.

मी फेस लागलेल्या तोंडानं यादी वाचली. पाच नावं होती. माझं नव्हतं. पान उलटून मागं बघितलं. मागं कोरं होतं.

"कुलथे, हे पुरं आहे का?"

"पुरं आहे, दाजी."

"समितीनं सहा नावं पाठवली होती."

कुलथ्यांनी चष्मा पुसला. हा माणूस अडचणीत आला की चष्मा पुसायचा. "समिती शिफारस करते. अंतिम सही ताईंची असते," असं म्हणून ते निघून गेले.

माझं नाव आहे, हे मला समितीतल्या एकानं फोन करून सांगितलं होतं. मी इचलकरंजीत कोट शिवायला टाकला होता. मोठ्या बहिणीला कळवलं होतं. तिनं बसाप्पाच्या देवळात नारळ वाढवून सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. आणि माझ्या बायकोनं एका रेघेत ते नाव उडवलं होतं.

उरलेली अर्धी दाढी केली की नाही, ते आता आठवत नाही.

आमचं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आमच्या क्रीडा मंडळाच्या मैदानावर ती आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. वडील यंत्रमागावर कामाला, घरात चार बहिणी, एक भाऊ. अंगावर भावाचा शर्ट. पहिल्याच दिवशी ती पोरांच्या घोळक्याबरोबर बारा फेऱ्या पळाली आणि वर विचारलं, "झालं एवढंच?" मी तेव्हा मैदानावरचा पहिला नंबर होतो. मंडळाचा सेक्रेटरीही होतो. राष्ट्रीय स्पर्धेत मी एकदा चौथा आलो. चौथ्याला उभं राहायला पायरी नसते. पुढं ती राष्ट्रीय विजेती झाली, परदेशात पळाली, रौप्यपदक आणलं. मग नगरपालिका, मग आमदारकी, मग मंत्रिपद. मी शाळेत खेळाचा शिक्षक झालो आणि मुदतीआधीच निवृत्ती घेऊन तिच्याबरोबर मुंबईला आलो.

लोक म्हणायचे, दाजी, तुमचं भाग्य. मी हसायचो. पण आत काय चाललं होतं ते खरं सांगतो. तिच्या शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे पहाटे पळायला गेलो. फोटोग्राफर आले होते. त्यातला एक मला म्हणाला, "दाजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." मी बाजूला झालो. त्यानंतर तिच्याबरोबर पळायला गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघ्याला काही झालं नव्हतं.

भाषणात ती नेहमी एक प्रसंग सांगायची. विशीत असताना तिची आशियाई स्पर्धेच्या शिबिरासाठी निवड झाली होती, पण पत्र उशिरा पोचलं आणि तिची जागा दुसरीला गेली. "टपाल उशिरा आलं आणि माझी आशियाई स्पर्धा गेली. गावाकडच्या दुसऱ्या कुठल्या पोरीचं असं होऊ नये," असं म्हटलं की सभागृह गप्प व्हायचं. हा भाग जवळ आला की मी बहुधा फोन आल्यासारखं करून बाहेर जायचो.

त्या दिवशी ती विधानभवनातून सहा वाजता आली. बरोबर चार आमदार, दोन शिष्टमंडळं. मी आतल्या खोलीत यादी घेऊन बसलो होतो. मध्येच ती पाणी प्यायला आत आली.

"यादी बघितली," मी म्हणालो.

"बघितली ना? बरं झालं."

"बरं काय झालं त्यात?"

तिनं दाराकडं पाहिलं. बाहेर माणसं होती. "सकाळी बोलू. मी साडेपाचला निघते. पळायला येता का?"

"माझा गुडघा..."

"तुमच्या गुडघ्याला काही झालेलं नाही, अहो," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

सकाळी मी बूट घालून तयार होतो. नागपूरची डिसेंबरची थंडी हाडात शिरते. शालननं कानाला मफलर गुंडाळला होता. मागून तिचा बॉडीगार्ड सायकलवर, बरंच अंतर ठेवून. आम्ही फुटाळा तलावाच्या रस्त्याला लागलो.

पहिला किलोमीटरभर तिचा श्वास ऐकूच येत नव्हता. माझा मलाच ऐकू येत होता.

"बोला," ती म्हणाली.

"काय बोलू? नवरा म्हणून नाव खोडलंस. लोक काय म्हणतील म्हणून."

"लोक म्हणालेच असते."

"म्हणू देत. सव्वीस वर्षं मी मैदानावर उभा राहिलो. माझी अकरा पोरं पोलिसात आहेत, सात लष्करात. दोन पोरी राष्ट्रीय खेळल्या. हे काय मंत्र्याचा नवरा म्हणून झालं? तू मंत्री नसतीस तर मला तो पुरस्कार मिळाला असता. तू आहेस म्हणून मिळत नाही."

"तुम्ही पोरं तयार केलीत, ते खरं आहे."

"मग?"

ती वेग कमी करत नव्हती. मला तिच्या खांद्याशी खांदा ठेवायला त्रास होत होता आणि ते तिला दिसू नये म्हणून मी लांब टांगा टाकत होतो.

"लोकांचं मी सोसलं असतं," ती म्हणाली. "चार दिवस पेपरात आलं असतं, विधानसभेत प्रश्न झाला असता. मी उत्तर दिलं असतं. त्यासाठी नाही खोडलं."

"मग कशासाठी?"

"फाइलमध्ये तुमची माहिती होती. तुम्हीच लिहिलेली. पहिली ओळ काय लिहिलीत?"

मला ती ओळ पाठ होती. शालन नेजे यांना घडवले.

"खोटं आहे का ते?" मी म्हणालो. "पहाटे चारला तुझ्या दारात कोण यायचं? तुला टेकड्या कुणी चढायला लावल्या? मंडळाचे कोच बिरंजे मास्तर म्हातारे झाले होते, त्यांना दिसत नव्हतं. तुला घडवलं कुणी, सांग."

तलाव दिसायला लागला होता. पाण्यावर धुकं होतं. ती थांबली. मागं सायकलही थांबली.

"आप्पासो," ती म्हणाली. लग्नानंतर तिनं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. "ते पत्र किती दिवस होतं तुमच्याकडं?"

मी वाकून गुडघ्यांवर हात टेकले. दम लागला होता हे खरंच होतं.

"तेरा दिवस," मी म्हणालो.

ते असं झालं होतं. त्या शिबिराच्या पत्राची मी तीन वर्षं वाट बघत होतो. सेक्रेटरी म्हणून मंडळाचं टपाल मीच घ्यायचो. पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला आणि म्हणाला, "नेजे, शिबिराचं आलंय बघा, पेढे काढा." मी सही केली. पाकीट फोडलं आणि मग नाव वाचलं. शालन मगदूम, तीन हजार मीटर. पाकिटात दुसरा कागद आहे का ते मी दोन वेळा बघितलं.

तेव्हाच धावत तिच्या घरी जायला हवं होतं. संध्याकाळी देऊ म्हटलं. संध्याकाळी ती मैदानावर आली, आठ फेऱ्यांत मला मागं टाकून गेली, आणि मी म्हटलं उद्या देऊ. असं करत बाराव्या दिवशी हजर व्हायची तारीख गेली. तेराव्या दिवशी मी नुसता कागद तिच्या हातात दिला. पाकीट जाळलं होतं. आज आलं, असं म्हणालो. तरीही ती त्याच रात्रीच्या गाडीनं निघाली, दोन दिवस विनाआरक्षण उभी राहून गेली. तिथून तिला परत पाठवलं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तिथंच. मी भांडायला लागले, पत्र वेळेत पाठवायला काय झालं होतं म्हणून. तिथल्या कारकुनानं फाइल काढली आणि पोचपावती समोर ठेवली. तारीख होती, खाली तुमची सही होती."

"आणि तू आल्यावर सगळ्यांना सांगितलंस, टपाल उशिरा आलं."

"हो."

"का?"

ती तलावाच्या कठड्याला टेकली. "पहिल्यांदा रागानं सांगितलं. म्हटलं, बघू हा माणूस किती दिवस तोंड बंद ठेवतो. मग तुम्ही रोज चारला दारात यायला लागलात. समोरून वारा आला की पुढं होऊन पळायचात, मला मागं घ्यायचात. स्वतःची स्पर्धा सोडून दिलीत. वर्षभर. मला वाटलं, हा तोंडानं बोलत नाही, पायांनी बोलतोय. तेवढं मला पुरलं. म्हणून तुमच्या भावानं लग्नाचं विचारल्यावर हो म्हटलं."

"मग आता काय झालं?"

"आता तुम्ही लिहिलंत की तुम्ही मला घडवलं. त्याखाली दुसरी ओळ होती, खेळाडूंच्या हितासाठी आयुष्य वाहिले. तेही चालवून घेतलं असतं. पण त्याखाली माझी सही पाहिजे होती." तिनं मफलर सोडून पुन्हा बांधला. "ती माझ्याच्यानं झाली नाही. दोन दिवस फाइल ठेवून बघितली. नाही झाली."

तिची माफी मागावी असंही वाटलं नाही, इतका मी रिकामा झालो होतो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "चला. अकरा वाजता कार्यक्रम आहे." आणि परतीच्या वाटेला ती पुढं आणि मी मागं, असे आम्ही आलो. थोडं थांबून तिनं मला बरोबर घेतलं नाही आणि मीही हाक मारली नाही.

अकराचा कार्यक्रम तिच्या योजनेचा होता. दोन वर्षं ती त्या योजनेसाठी वित्त विभागाशी भांडत होती. खेळाडूची कुठंही निवड झाली की त्याच दिवशी त्याला, आईबापांना, शाळेला आणि तहसीलदाराला फोनवर निरोप जायचा, आणि जायच्या-यायच्या तिकिटाची सोय तहसीलदारानं करायची. गडचिरोलीपासून चंदगडपर्यंत चाळीस हजार मुलामुलींची नावं त्यात नोंदली होती. सभागृहात तीन-चारशे खेळाडू होते, पत्रकार होते, कॅमेरे होते.

शालन बोलायला उभी राहिली. योजनेची माहिती दिली, अधिकाऱ्यांचे आभार मानले. तो टपालाचा प्रसंग मात्र तिनं सांगितला नाही. नेहमीच्या जागी आली, किंचित थांबली आणि पुढं गेली. कुलथ्यांनी माझ्याकडं चमकून बघितलं. त्यांना ते भाषण पाठ होतं.

मग सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "आता ताईंच्या यशामागे खंबीरपणे उभे असलेले आपले दाजी दोन शब्द बोलतील." हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. आयत्या वेळी कुणीतरी आग्रह केला होता. मी नेहमी हात जोडून नको म्हणायचो.

त्या दिवशी मी उठलो.

"मी आप्पासो नेजे," मी म्हणालो. "ताई नेहमी एक गोष्ट सांगतात, आज त्यांनी सांगितली नाही. त्यांचं शिबिराचं पत्र उशिरा आलं, अशी ती गोष्ट आहे. ते पत्र उशिरा आलं नव्हतं. वेळेत आलं होतं. ते माझ्याकडं होतं. मी तेरा दिवस दाबून ठेवलं, कारण ते माझ्या नावाचं नव्हतं. मला तिचा हेवा वाटत होता. त्या एका कारणानं ती आशियाई स्पर्धेला गेली नाही. टपालखात्याचा काही दोष नाही."

बोलताना मी तिच्याकडं बघितलं नाही. समोर दुसऱ्या रांगेत निळ्या ट्रॅकसूटमधली एक मुलगी होती, तिच्याकडं बघून बोललो. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

बोलून झाल्यावर मला वाटलं, आता कुणीतरी उठून शिवी देईल. तशी माझी तयारी होती. पण मागं कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळं सभागृह उभं राहिलं. पोरं शिट्ट्या घालत होती. एक म्हातारे क्रीडाशिक्षक व्यासपीठावर चढून आले आणि त्यांनी मला मिठी मारली. "एवढं काळीज लागतं," असं ते माझ्या कानात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्यासाठी उभी राहिली होती.

खाली उतरल्यावर पत्रकारांनी मला घेरलं. किती दिवस मनात होतं, पत्नीला कधी कळलं, आता काय वाटतं. मी उत्तरं देत होतो. चांगली उत्तरं देत होतो. पंधरा-वीस मिनिटांनी मान वर केली तेव्हा शालनची गाडी निघून गेली होती. मला घ्यायला कुलथे मागं थांबले होते.

"दाजी," ते गाडीत म्हणाले, "आधी मला सांगायचं होतं."

"तुम्हाला?"

"मी योजनेचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवला असता." बाकी वाटभर ते चष्मा पुसत राहिले.

त्या दिवशी शालन सभागृहातून परस्पर एका बैठकीला गेली आणि आल्यावर झोपली. मी विचारलं, रागावलीस का. ती म्हणाली, दमले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पळून आली, आंघोळ केली आणि चहा घेऊन व्हरांड्यात बसली. पेपरांचा गठ्ठा समोर होता. एकेक पेपर तिनं उघडला. सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर मी होतो. मंत्र्यांच्या पतीची जाहीर कबुली. पतीच्या प्रामाणिकपणानं सभागृह हेलावलं. एका पेपरनं अग्रलेखाखाली चौकट टाकली होती, असे मोठ्या मनाचे पुरुष दुर्मीळ असतात म्हणून.

"योजना कुठं आहे?" तिनं विचारलं.

ती पानं उलटत गेली. सातव्या पानावर, हवामानाच्या वर, चार ओळी होत्या. त्यात आकडाही चुकला होता, चाळीस हजारांचे चार हजार झाले होते.

तिनं पेपरची घडी घातली. आवाज चढवला नाही. ती आवाज कधीच चढवत नसे.

"पत्र माझं होतं, ते तुम्ही ठेवून घेतलंत," ती म्हणाली. "ते पत्र तुम्ही ठेवून घेतलंत, ही गोष्टसुद्धा माझीच होती. कुणाला सांगायची, कधी सांगायची, हे मी ठरवणार होते. कालचा दिवस त्या पोरांचा होता. तोही तुम्ही घेतलात."

"मी खरं बोललो, शालन."

"खरं बोललात. माझ्याशी बोलायची वेळ होती तेव्हा तलावावर आपण दोघंच होतो. तिथं तुम्ही तेरा दिवस एवढंच म्हणालात."

तिनं कप उचलला आणि आत गेली. कुलथे फाइली घेऊन उभे होते, ते तिच्यामागं गेले.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. पुढच्या निवडणुकीत ती पडली, पण त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. योजना बंद पडली नाही, तेवढं बरं झालं. आम्ही इचलकरंजीला परत आलो. सकाळी दोघं मैदानावर जातो. आता ती पळत नाही, चालते. मीही तिच्याबरोबर चालतो. तलावावर म्हणायचं राहिलं होतं ते मी तिला नंतर म्हणालो, घरात, दार लावून, कुणी ऐकत नसताना. तिनं ऐकून घेतलं. मान हलवली. नंतर आम्ही तो विषय काढला नाही.

एक गोष्ट मात्र तिला अजून सांगितलेली नाही. पेपर आले त्या दिवशी ती पळून येण्याआधी मी व्हरांड्यात जाऊन सगळे पेपर उघडले होते. एका पेपरात आमचे दोघांचे वेगवेगळे फोटो शेजारी शेजारी छापले होते. योजना कुठल्या पानावर आली आहे, हे मी शोधलंच नाही. त्या दोन फोटोंवर बोटं ठेवून मोठा कुणाचा आहे, ते मी मोजलं. माझा होता. मग घड्या होत्या तशा घालून सगळे पेपर जागेवर ठेवले आणि तिची वाट बघत बसलो.